गाडीला न लागलेली शाई

मतदान केंद्र आमच्याच सोसायटीच्या हॉलमध्ये होतं. तरी शेजारचे प्राध्यापक बॅगा भरून लोणावळ्याला निघाले. सुट्टी होती ना! फाटकाशी पलीकडच्या वस्तीची रांग लागली होती. त्यांनी खुशाल हॉर्न वाजवला.

"ओ आजी, बाजूला व्हा! आम्हाला उशीर होतोय."

मत देऊन निघालेली म्हातारी भिंतीला चिकटली. सही येत नसल्यानं तिच्या बोटाबरोबर अंगठ्यालाही शाई होती. माझं डोकंच फिरलं. सरकार कुणाचंही येवो, यांचा नळ आटणार नाही. आटला तर तिचा आटेल. शिकून एवढंच कमावलं?

पांढरी गाडी घासून गेली. तिला डाग पडू नये म्हणून म्हातारीनं शाईचा हात पदराखाली घेतला.

कशाला, आजी? लागू द्यायची होती.