आखाजीआधी चाखलेली फोड

मैत्रिणींनो, आज घरी आलं ते असं: केशर आंबे दोन किलो, तीनशे रुपये. मातीची घागर, ऐंशी. वाळ्याची जुडी, वीस. सगळं परवाच्या आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेसाठी. सासरे गेल्या वर्षी गेले, त्यांच्या नावाची ही पहिलीच घागर.

आमच्याकडे आखाजीला पितरांना आमरस वाढल्याशिवाय कुणी आंबा तोंडात घालत नाही.

बाजारात आंबेवाली म्हणाली, "ताई, खाऊन तर बघा, लय गोड हाय!" तीनशे रुपये देऊन आंबट निघाले तर, या विचारात मी फोड तोंडात टाकली. गिळल्यावर आठवलं.

घरी सासूबाईंनी आंबा हुंगून विचारलं, "गोड निघतील ना गं?"

"अगदी साखर!" मी बोलून गेले.

"तुला कसं कळलं?"

"आंबेवाली म्हणाली."

"ती काय आंबट म्हणणारे होय!" त्या हसल्या आणि आंबे देवघरात ठेवून आल्या.

तेव्हापासून कशात लक्ष नाही. जप करताना दोनदा माळ चुकली. चाखलेल्या ढिगातले नकोत म्हणून आंबे नवे आणीन हो, पण सासूबाईंशी खोटं बोलले त्याचं काय करू?

त्यांना खरं सांगू, की सासऱ्यांच्या घागरीपुढेच गुपचूप हात जोडू? परवा रस काढायला बसायच्या आत कळवा.