मंड्याचा गूळ

कोल्हापूरच्या स्टँडवर बंगळूरची गाडी हलली तेव्हा आबांनी, माझ्या वडिलांनी, कागदात बांधलेला गुळाचा खडा खिडकीतून आत सरकवला. आई खालून सांगत होती, "उन्हातून आलेल्याच्या हातावर आधी गूळ-पाणी, चौकशा मग." नवऱ्याची नोकरी नवी, शहर नवं. आणि मी रडायचं सोडून खड्याला मुंग्या लागतील याची काळजी करत बसले.

आबांची हयात गुळाच्या सौद्यात गेली. चिमूटभर तोंडात टाकून ते गुळाचं गाव सांगत. आई गेल्यावर मी त्यांना बंगळूरला, मल्लेश्वरमच्या आमच्या घरी आणलं, तेव्हा सोबत मधुमेह आला आणि पायाच्या अंगठ्याची न भरणारी जखम. डॉक्टर म्हणाले, "गूळ, साखर, तूप बंद. नाहीतर अंगठा जाईल."

एव्हाना मी मासिकं वाचून केकमध्ये लोण्याऐवजी सफरचंदाचा गर घालणारी सुधारलेली बाई झाले होते. होळीला पुरणात गुळाऐवजी चहात टाकायच्या गोड गोळ्या कुटून घातल्या, गूळ घालतो तशा, शिजतानाच. आचेवर त्यांची गोडी उडाली, म्हणून आणखी घातल्या. गुळाशिवाय पुरण मिळून येईना. भिंतीच्या पुट्टीसारखं झालं. पोळीवर तुपाऐवजी साय काढलेल्या दुधाचा हात फिरवला.

आबांनी घास घेतला. "कुठला गूळ हा?"

"मंड्याचा. इकडचा स्वल्प कमीच गोड असतो."

चाळीस वर्षं गूळ चाखलेल्या माणसाला मी हे सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि दोन पोळ्या संपवल्या. मी इतकी खूश, की मासिकाला पाककृती पाठवायच्या विचारात होते.

पुढे चार महिने 'मंड्याचा गूळ' चालू राहिला. खिरीत, सांज्यात, केकमध्येही. तरी शुगर उतरेना, जखम भरेना. एका दुपारी शेजारच्या शांताक्कांची वाटी परत करायला गेले. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेलं मराठी घर त्यांचं. ओट्यावर आबा बसलेले, हातावर गूळ.

"रोज येतात," शांताक्का म्हणाल्या. "उन्हातून आलेल्याला गूळ द्यायचा नाही? स्वल्पच देते गं."

आमच्या दारापासून त्यांच्या ओट्यापर्यंत ऊन ते केवढं, दहा पावलं. मधुमेहाचं आबांनी त्यांना सांगितलंच नव्हतं. आणि मीही, लोक काय म्हणतील म्हणून.

घरी येऊन मी खूप बोलले. मग आबा म्हणाले, "खोटा माल खोटा म्हणून पुढ्यात ठेवला असतास, तर खाल्ला असता मी. तू खरा म्हणून वाढलास. मग खरा कसा लागतो ते विसरेन की काय, अशी भीती वाटायला लागली."

अंगठा गेलाच. गुळाने गेला की आधीच जाणार होता, डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. मला अजून कळलेलं नाही.

त्यानंतर मी गोळ्यांची डबी ताटाशेजारीच ठेवायला लागले. आबा घास घ्यायचे, म्हणायचे, "गोळ्यांचं आहे. बिघडलंय." आणि सगळं संपवायचे. बंगळूरचं हे घर माझं झालं ते मला वाटतं त्या ताटांपासून.

तिकडे राहिलेल्यांनो, इकडे आलात तर माझ्या दारात गूळ-पाणी आजही मिळेल. फक्त खडा हातावर ठेवण्याआधी मी विचारते, "शुगर आहे का?" चौकशा मग, असं आई म्हणाली होती. तेवढी एक मी आधी करते.