कारणाचा रकाना

पेन्सिल हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण चाळीस वर्षं नळाची कामं करता करता खरं नाव फक्त परवान्यावर उरलं होतं, आणि परवाना लोखंडी पेटीच्या तळाशी पडला होता. उजव्या कानावर कायम बोटभर पेन्सिल अडकवलेली असायची. लोक तोंडावर 'काका' म्हणायचे आणि पाठ वळली की 'पेन्सिल'.

पावती त्यांनी आयुष्यात कुणाला दिली नाही. काम संपलं की पान्हा पुसायचा, सांडलेलं पाणी पुसायचं, आणि मग जिथे काम केलं तिथेच दोन ओळी लिहायच्या. कधी टाकीच्या झाकणाखाली, कधी न्हाणीघराच्या खिडकीच्या चौकटीवर, कधी सिंकखालच्या कपाटात. तारीख, काय केलं, काय राहिलं. "कागद हरवतो. भिंत कुठे जातेय?" असं ते म्हणायचे. पुढच्या खेपेला आले की आधी आपलंच लिहिलेलं वाचायचे आणि कौतुकाने मान हलवायचे, जणू दुसऱ्याच कुणा चांगल्या कारागिराने लिहून ठेवलंय. घरातल्या माणसांना त्याचा पत्ताही नसायचा. सिंकखाली डोकं घालून वाचणार कोण?

शिवणवाल्या ताईंच्या घरचा पाइप फुटला तेव्हा ताई दोन दिवस भावाकडे गेल्या होत्या. परत येऊन कुलूप काढलं तर दारातूनच पाणी बाहेर येत होतं. जमिनीच्या फळ्या फुगून वर आल्या होत्या, भिंतींना गुडघाभर ओल चढली होती, दोन्ही मशिनच्या मोटारी गेल्या होत्या. गिऱ्हाइकांचे कपडे एकमेकांत रंग सोडून एका ढिगात बसले होते. नवऱ्याला, सगळे ज्यांना 'भाऊ' म्हणायचे त्यांना, जाऊन दोन वर्षं झाली होती. ते घर आणि त्या दोन मशिन, एवढंच ताईंचं होतं.

काका आले. वीज बंद केलेली, म्हणून बॅटरी तोंडात धरून, सिंकखालच्या कपाटात अर्धे आत शिरून त्यांनी अर्ध्या तासात सांधा बदलला. त्या अंधारात आणि घाईत जुनं लिहिलेलं वाचायचं राहिलं, नवं लिहायचंही. फुटलेला तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून ताईंच्या हातात दिला.

"हा जपून ठेवा."

"काका, घराचा विमा आहे," ताई म्हणाल्या. "ह्यांनीच काढलेला. नशीब."

विमा कंपनीचा माणूस आला, फोटो काढून गेला. जाताना म्हणाला, नळ कारागिराचा कागद लागेल. नाव, परवाना क्रमांक, तारीख, काय फुटलं, कशामुळे फुटलं, काय दुरुस्त केलं, सही, शिक्का.

काकांनी हार्डवेअरच्या दुकानाच्या पावतीमागे लिहून दिलं, 'पाइप फुटला. बदलला.' तो कागद परत आला. मग वहीच्या पानावर लिहून दिलं, 'पाइपचा सांधा फुटला म्हणून पाणी आलं. सांधा बदलला.' तोही परत आला. फोनवर कंपनीतली बाई ताईंना म्हणाली, "कारण स्पष्ट पाहिजे, मॅडम. फुटला म्हणून फुटला, हे कारण होत नाही."

ताई दोनदा काकांच्या घरी येऊन गेल्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा बसल्याच नाहीत, दारातूनच म्हणाल्या, "काका, तुमच्या पाया पडते. हा दावा मंजूर झाला तर फरशी होईल, मशिन होतील. नाहीतर घर विकून भावाच्या दारात जायचं. वहिनी कशी आहे ते तुम्हाला ठाऊक आहे."

काकांच्या मनाला ते लागलं. त्यांची मुलगी एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करायची. ती ताईंनी परत आणलेले दोन्ही कागद बघून हसली.

"बाबा, हा कागद आहे का चण्याची पुडी?"

"मग तू कर की शहाणे."

"करते. तुम्ही सांगा, मी टाइप करते. एकदाच काय ते सविस्तर."

तिने रकाने पाडले. शिक्का करून आणला. काकांनी पेटीच्या तळातून परवाना काढून त्यावरचा क्रमांक वाचून दाखवला, आणि 'कारण' या रकान्यापाशी येऊन ते खुर्चीत ताठ बसले. असं कुणी त्यांना कधी विचारलं नव्हतं. ते बोलत गेले. सांध्याचे आटे आतून गंजले होते, दाब वाढला तसे सुटले. तीन वर्षांपूर्वी मी याच घरी आलो होतो, तेव्हाच गंज पाहिला होता, सांधा वर्षाच्या आत बदला असं घरमालकांना सांगितलं होतं.

मुलीचा हात थांबला. "हेपण लिहायचं?"

"का नको? खरं आहे. आपण त्या घरचे जुने माणूस आहोत, आजच उगवलेलो नाही, हे कळू दे त्यांना."

तिने लिहिलं. काकांनी पेनने सही केली. पेन हातात अवघडल्यासारखं होत होतं. शिक्का त्यांनी दोन ठिकाणी मारला, एक जास्तीचा असावा म्हणून.

ताईंनी कागद हातात घेतला. वाचला नाही, त्यांनी शिक्का पाहिला, क्रमांक पाहिला, सही पाहिली, आणि पदराने डोळे पुसले.

"काका, आता कुणाची टाप आहे नाही म्हणायची!"

महिन्याने कंपनीचं पत्र आलं. ते घेऊन ताई दुपारी काकांकडे आल्या. काका जेवून आडवे झाले होते, उठून बसले. ताईंनी पत्र मुलीच्या हातात दिलं. ती वाचू लागली, आणि अर्ध्यावर तिचा आवाज बारीक झाला. सोबत जोडलेल्या कारागिराच्या निवेदनानुसार दोष तीन वर्षांपासून माहीत होता, तरी दुरुस्ती केली नाही, सबब दावा नामंजूर.

ताईंनी पत्र तिच्या हातातून परत घेतलं.

"काका, तुम्ही कुणाला सांगितलं होतं?"

"भाऊंना. ते घरी होते तेव्हा. तुम्ही माप घ्यायला गेला होतात कुणाकडे."

"ते मला बोलले नाहीत. ते माझ्यापासून काही लपवायचे नाहीत." ताईंनी पत्राची घडी घातली, परत उलगडली. "माझा भाऊ म्हणतो, काकांनी चूक झाली असं लिहून दिलं, तर कंपनी परत बघेल. वय झालंय, दुसऱ्याच घराचं आठवलं, असं काहीतरी."

"लिहून देतो," काका लगेच म्हणाले. "आत्ता देतो. पोरी, घे लिहायला."

"पण चूक झालीच ना, काका? दुसऱ्याच घराचं असेल ना?"

त्या दाव्याबद्दल विचारत नव्हत्या. नवऱ्याबद्दल विचारत होत्या. काकांनी चप्पल पायात घातली.

"चला. मी तिथे लिहिलं असणार. बघूनच काय ते ठरवू."

सिंकखालचं कपाट भाऊंचं होतं. पॉलिशची डबी, स्क्रू, जुन्या चाव्या, सगळं ते तिथे ठेवायचे. ते गेल्यावर ताईंनी ते फारसं उघडलंच नव्हतं. काकांनी गुडघे टेकले, डोकं आत घातलं, बॅटरी बाजूच्या फळीवर मारली. फळी खालून फुगली होती, वर कोरडी होती. तिथे त्यांचं अक्षर होतं. 'सांध्याचे आटे गंजले. तूर्त आवळला. वर्षाच्या आत बदलणे. भाऊंना सांगितले.' खाली तारीख.

आणि त्याच्याखाली निळ्या बॉलपेनने आणखी काही लिहिलेलं होतं.

काका आत तसेच थांबले. चाळीस वर्षांत त्यांच्या लिहिण्याखाली कुणी कधी काही लिहिलं नव्हतं.

"काय आहे, काका?"

ते बाहेर आले आणि बॅटरी त्यांनी ताईंना दिली. ताई जमिनीवर बसल्या, वाकल्या, एकेक ओळ वाचू लागल्या.

'काका, पुढच्या महिन्यात नक्की.'

'काका, पगार झाला की.'

तिसरी ओळ तिरकी गेली होती, अक्षर थरथरलेलं. 'काका, जरा बरं वाटलं की. तोवर हिला काही बोलू नका. आधीच औषधांनी तिच्या नाकीनऊ आलेत.'

"तुम्हाला माहीत होतं हे?"

"नाही हो, ताई. मला परत बोलावलंच कुठे कुणी? आज वाचतोय."

ताई बाहेर आल्या नाहीत. काकांनी अंगठा थुंकीने ओला केला.

"सरका. मी माझं पुसतो. वर कागद देतो चुकीचा. तो माणूस परत आला तर त्याला काही दिसणार नाही."

"तुमचं पुसलं," ताई आतूनच म्हणाल्या, "तर ही उत्तरं कशाची म्हणून सांगू?"

"मग सगळंच पुसू."

ताईंनी मागे हात करून त्यांचं मनगट धरलं. सुई टोचून टोचून खरखरीत झालेली बोटं. अंगठा वाळेपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही.

चुकीचा कागद कुणी लिहिला नाही. घर विकलं गेलं. नव्या मालकाला स्वयंपाकघर पाडून नवं करायचं होतं, त्यामुळे फळीचं त्याला काही नव्हतं. शेवटच्या दिवशी ताईंनी काकांना बोलावलं. काकांनी स्क्रू ओले करून, गंज उतरवून, तासभर खपून ती फळी न चिरता बाहेर काढली. फुगलेला खालचा भाग कापून दिला. ताईंनी ती जुन्या चादरीत गुंडाळली.

"भावाकडे कुठे ठेवणार?" काकांनी विचारलं.

"पलंगाखाली. वहिनीला म्हणेन, कापड बेतायचा पाट आहे."

टेम्पो उभा होता. काकांनी पिशवीतून नवं कोरं बिलबुक काढलं. मुलीने छापून दिलं होतं, खाली कार्बन, वर नाव आणि क्रमांक. पान पहिलंच होतं. त्यांनी पेनने, जपून, तारीख लिहिली. ठिकाण लिहिलं. कामाच्या रकान्यात 'सिंकखालची फळी काढून दिली' असं लिहिलं.

पुढचा रकाना कारणाचा होता. काका त्यावर पेन टेकवून उभे राहिले. टेम्पोवाल्याने एकदा हॉर्न वाजवला, मग दुसऱ्यांदा.

रकाना तसाच कोरा ठेवून त्यांनी खाली सही केली आणि पान फाडून ताईंना दिलं.