बदललेलं लेकरू

रुआबांध्याच्या फिजिओथेरपी केंद्रात मी गुडघ्याच्या व्यायामासाठी जायचो, तेव्हा एक बाई रोज बाकावर शेजारी असायची. मांडीवर पाच वर्षांची, अजून मान न धरणारी मुलगी. लेकीची लाळ पुसायला ती दर वेळी पदराची कोरडी जागा शोधायची.

"काय वाचून राहिले, भाऊ?" एकदा तिनं विचारलं.

मी मूर्ख, हातातल्या पऱ्यांच्या पुस्तकातलं सांगून बसलो. आयर्लंडात पूर्वी असं लेकरू दिसलं की लोक म्हणत, पऱ्यांनी आपलं पळवलं आणि त्यांचं ठेवलं. आपलं परत मिळावं म्हणून याला आगीजवळ धरत. इतकी वर्षं या पऱ्या मला गोड वाटत होत्या, याची अजून चीड येते.

ती ताडकन उठली. "माही सासू बी हेच म्हणते, हे आपलं नाही." लेकीला तिनं छातीशी आवळलं. "लेकरू घरच्याइलेच नको झालं, अन् चोर म्हणे परी!"