झोपेतून उठल्यावर आवाज येत नाही

बेळगावपासून निपाणीपर्यंतच्या साऱ्या मुलखात झोप या विषयाचा आमच्या दाजींइतका खोल अभ्यास केलेला माणूस सापडायचा नाही. अभ्यास लॅपटॉपच्या झोपेचा. झाकण मिटल्यावर यंत्राला खरंच झोप लागली की ते नुसतं डोळे मिटून पडलंय, झोपेत त्यानं बॅटरी किती खाल्ली, जाग आल्यावर वायफायची ओळख राहिली का, पंखा उगीच का घरघरला, यावर दाजी ज्या तळमळीनं बोलतात त्या तळमळीनं आमच्याकडची माणसं फक्त ऊसतोडीबद्दल बोलतात. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. घर बोरगावला, दुकान निपाणीत, आणि दुकानात माल म्हणजे पाइप, पंप आणि ठिबकच्या नळ्या. काही वर्षांपूर्वी दुकानातला कॉम्प्युटर बिघडला तेव्हा दुरुस्तीवाला म्हणाला, "जुना झाला, टाकून द्या." टाकून देणं दाजींना कधीच जमलेलं नाही. कुणाकडून तरी त्यांना कळलं की लिनक्स नावाची एक फुकटची सिस्टीम असते आणि ती म्हाताऱ्या यंत्रावरही चालते. दाजींनी ती घातली. कॉम्प्युटर चालू झाला. फक्त आवाज, वायफाय आणि प्रिंटर बंद पडले. शहाणा माणूस इथं हात जोडून बाजूला झाला असता. दाजींनी बाह्या वर सारल्या, त्या आजतागायत खाली आलेल्या नाहीत.

तेव्हापासून नात्यागोत्यातले सगळे थकलेले लॅपटॉप बोरगावला येऊन पडतात. कुणाचं झाकण लुळं, कुणाची बटणं गळालेली, एकाला तर दिवसभर पंख्याखाली ठेवलं तरच शुद्ध येते. माजघरातल्या त्या फळीला आक्का पांजरपोळ म्हणते. बायका माहेरी जाताना लुगडी न्यावीत तशी आमची भावंडं बोरगावला जाताना बंद पडलेले चार्जर घेऊन जातात. आणि नवीन लॅपटॉप घ्यायचा तर तोही दाजींशिवाय घेता येत नाही. माझ्या वेळी ते मुद्दाम बेळगावला आले. खिशात पेनड्राइव्ह. दुकानदार बिचारा स्क्रीन किती छान आहे, रंग कसे उठतात ते दाखवत होता. दाजी म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या हो. आत वायफायची चिप कुणाची हाय ते सांगा." दुकानदारानं डोकं खाजवलं. मग दाजींनी स्वतःचा पेनड्राइव्ह लावला, काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं पळवली, शेवटी झाकण मिटलं आणि दोन्ही हात पसरून उभे राहिले. "आता कुणी शिवायचं न्हाय. झोपालंय." दुकानातली गिऱ्हाइकं आपापली खरेदी सोडून भोवती गोळा झाली. बैलबाजारात दात बघताना होते तशी शांतता. थोड्या वेळानं दाजींनी झाकण उघडलं, स्क्रीन उजळली, आणि ते इतक्या मोठ्यानं "उठलं!" म्हणाले की शेजारच्या चपलांच्या दुकानातून माणूस बघायला आला. "घ्या पावणं, गुणाचं हाय." भाव, रंग, वजन यांतलं काहीही त्यांनी विचारलं नव्हतं.

या नादानं त्यांना एक तत्त्व दिलं आणि त्या तत्त्वानं आक्काचा संसार हैराण केला. तत्त्व असं की दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशानं गुण आला ते कळत नाही. एकदा आमटी अळणी झाली. आक्कानं मीठ घातलं आणि हात लागलाच आहे म्हणून गुळाचा खडाही टाकला. आमटी झकास झाली. आम्ही भुरके मारत होतो आणि दाजी वाटीकडं उदास होऊन बघत होते. "चांगली झालीया," ते म्हणाले, "पण कशानं झाली ते आता कळायचं न्हाय." आक्का म्हणाली, "अवो, कळून काय करायचंय? जेवा की." दाजींना सर्दी झाली तरी काढा, वाफ आणि गोळी ही तिन्ही एकत्र चालत नाहीत. पहिल्यांदा काढा, त्यानं फरक पडला नाही असं ठरल्यावर वाफ. गोळीची पाळी येईपर्यंत सर्दी कंटाळून आपोआप जाते, आणि दाजी म्हणतात की निष्कर्ष निघाला नाही.

आपल्या अडचणी ते इंटरनेटवरच्या मंडळींपुढं मांडतात. तिथं जर्मनीचा एक जण आहे, ब्राझीलचा एक जण आहे. दाजी त्यांना इंग्रजीत "रिस्पेक्टेड सर" असं लिहितात आणि घरात त्यांचा उल्लेख पाहुणे म्हणून करतात. "जर्मनीचं पावणं म्हणालं, कर्नल बदलून बघा," असं ते जेवताना सांगतात. कर्नल म्हणजे त्या सिस्टीमचा गाभा हे मला माहीत झालंय. आमच्या आईला मात्र शेवटपर्यंत वाटत राहिलं की जावईबापूंचं लष्करात काहीतरी चाललंय. बॅटरी पूर्ण भरू द्यायची नाही, ऐंशी टक्क्यांवर थांबायचं, म्हणजे ती जास्त जगते, हाही पाहुण्यांचाच सल्ला. दाजींनी तो यंत्रांना लावला, मग स्वतःच्या पोटाला लावला आणि एका लग्नात आग्रह करणाऱ्या विहिणीलाही तोंडावर सांगितला. जिलबीचं ताट हातात घेऊन ती बाई कितीतरी वेळ तशीच उभी होती.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण मध्यंतरी दाजींच्या थोरल्या भावाच्या, आप्पांच्या घशात गाठ निघाली आणि ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला.

आप्पांचा आवाज जाणं म्हणजे काय ते बोरगावात राहिल्याशिवाय कळायचं नाही. वरच्या शिवारातून त्यांनी हाक मारली की खालच्या मळ्यातला कुणीतरी न विचारता मोटर बंद करायचा. आपली असो वा परक्याची. ऑपरेशननंतर घरच्यांनी त्यांना पाटी-पेन्सिल दिली. आप्पांनी पहिल्याच आठवड्यात ती माळ्यावर फेकली, आणि त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. ओरडायचं असतं ते पाठ फिरवून चाललेल्या माणसाला. पाठमोऱ्या माणसाला पाटी कशी दाखवणार? मोबाईलवर बोलायची सोय असते, तीही करून पाहिली. पण जन्मभर खोरं धरलेली ती बोटं. काचेला त्यांचा स्पर्शच कळेना.

मग दाजी पांजरपोळातून एक दणकट लॅपटॉप घेऊन आले. आक्कानं बटणांवर मराठी अक्षरं रंगवली. आप्पांनी टाइप करायचं, बटण दाबायचं, की यंत्र ते वाचून दाखवायचं. आवाज पत्र्याच्या डब्यात बसून कुणीतरी बोलतंय असा होता. चढ नाही, उतार नाही. आप्पांनी सगळ्यात पहिलं वाक्य टाइप केलं ते, "धाकट्या, हे बेनं कुणाच्या आवाजात बोलतंय रं?" आम्ही सगळे पोट धरून हसलो. आप्पाही हसले, फक्त आवाज आला नाही.

अडचण एकच होती. जरा वेळ कुणी हात लावला नाही की यंत्र झोपायचं, आणि झोपेतून उठल्यावर बाकी सगळं ठीक, पण आवाज गायब. अक्षरं दिसायची, बटण दाबलं जायचं, आणि आप्पा पुन्हा मुके. झोपच बंद केली तर बॅटरी संपायची, आणि बोरगावात वीज कधी जाईल ते विजेलाही माहीत नसतं. दाजी दुकान सोडून या एका झोपेच्या मागं लागले. एका वेळी एकच गोष्ट बदलत. आक्का म्हणायची, "आप्पांचं बोलणं तुमच्या तत्त्वावर अडलंय बघा." दाजी ऐकायचे नाहीत.

त्यातच आप्पांच्या नातीचा प्रश्न आला. पोर फिजिओथेरपी शिकलेली. बेंगळूरच्या एका दवाखान्यात तिची नोकरी ठरली होती. एका दुपारी सगळी भावकी सोप्यात जमली. मीही होतो. पोरीचा बाप, म्हणजे आप्पांचा मुलगा, होय म्हणेना आणि नाहीही म्हणेना. चुलते मात्र ठाम. "एकटी पोर, एवढं लांब? गावात काय कमी हाय?" शेवटी सगळे आप्पांकडं वळले. पोर दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. आप्पांनी झाकण उघडलं, जपून टाइप केलं, बटण दाबलं.

काही नाही.

पुन्हा दाबलं. मग त्यांनी यंत्र सोडलं आणि पोरीकडं बघत हातानं बाहेरच्या दिशेला खूण केली. जाऊ द्या.

"बघा," एक चुलते म्हणाले, "आप्पा म्हणालेत जाऊ द्या. सोडा इषय." आणि ते गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले. आप्पा जोरजोरानं मान हलवू लागले, तशी दुसऱ्यांनीही मान हलवली, "व्हय व्हय, सोडला." कुणीतरी कागद पुढं केला, तो आप्पांनी असा भिरकावला की चहाच्या कपात पडला. सत्तरी ओलांडलेला माणूस, मानेच्या शिरा फुगलेल्या, तोंड उघडं, आणि त्यातून नुसती हवा. पोरीनं पदरासारखी ओढणी तोंडाला लावली.

"बसा!" दाजी ओरडले. दाजींना ओरडताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं. "एकानं बी उठायचं न्हाय. आप्पांचं बोलणं झालेलं न्हाय अजून."

ते यंत्रापुढं मांडी घालून बसले. आणि मग मी जे पाहिलं त्यावर माझा विश्वास बसेना. दाजींनी आवाजाचा ड्रायव्हर काढून परत घातला, तो बसतोय न बसतोय तोच आवाजाची सगळी यंत्रणा बंद करून चालू केली, त्याच हातानं चार्जर उपटून पुन्हा खुपसला आणि वर यंत्राच्या पाठीत एक धपाटा घातला. सगळं एकदम. कपाळावरून घाम बटणांवर टपकत होता. "आप्पा, दाबा आता."

आप्पांनी आधीचं पुसून नवीन टाइप केलं. एकेक बटण शोधत. मग पत्र्याच्या डब्यातला तो आवाज आला, सरळ, सपाट, कुठल्याही रागलोभाशिवाय:

"जाऊ द्या म्हंजे पोरीला जाऊ द्या. इषय न्हवं."

कुणी हसलं नाही. उठलेले चुलते पुन्हा खाली बसले. पोर आली आणि आप्पांच्या पायाशी बसली, आणि आप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून दुसऱ्या हातानं आणखी एक वाक्य टाइप केलं: "चहा गार झाला, दुसरा टाका."

त्या संध्याकाळी सगळं घर आनंदात आणि दाजी एकटे कोपऱ्यात. मी विचारलं, काय झालं? "तिन्ही गोष्टी एकदम केल्या की हो पावणं," ते म्हणाले. "धपाटा धरून चार. आता कशानं झालं ते कसं कळायचं?" पुढं कितीतरी दिवस ते झाकण मिटत आणि उघडत होते. शेवटी जर्मनीच्या पाहुण्यांनी सांगितलेली एक ओळ सिस्टीमच्या सुरुवातीला घातली आणि यंत्र आवाजासकट उठायला लागलं. "आयतु," दाजी कानडीत म्हणाले. मोठं काम तडीला गेलं की त्यांना झालं म्हणायला मराठी पुरत नाही. नात बेंगळूरला गेली. तिथून फोन करते तेव्हा आप्पा टाइप करतात, ती पलीकडून ऐकते, आणि त्या डब्यातल्या आवाजालाच आता आज्जा म्हणते.

पण दाजींना तो आवाज खुपतो. माणसाच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून त्याचाच आवाज यंत्राला देता येतो असं त्यांनी कुठंतरी वाचलं, आणि ते आप्पांचं रेकॉर्डिंग शोधायला लागले. सगळ्यांचे मोबाईल झाले, जुनी मेमरी कार्डं झाली. काही निघालं नाही. जो आवाज साऱ्या शिवाराला फुकट ऐकू यायचा तो साठवून ठेवायचं कुणाच्या डोक्यात येणार? अखेर कुणाच्या तरी लग्नाच्या व्हिडिओत एक तुकडा सापडला. समोर वधूवर, मागं पंगत, आणि चौकटीच्या बाहेरून कुठूनतरी आप्पा. तेवढ्यावरून आवाज तयार होत नाही, असं पाहुण्यांनी कळवलं.

परवा मी बोरगावला गेलो होतो. दिवस मावळायच्या आधी जेवायचा घरचा नेम, म्हणून आक्का आत भाकऱ्या थापत होती, आप्पा नि मी सोप्यात ताटावर बसलो होतो. दाजी मला म्हणाले, "ऐका पावणं," आणि त्यांनी तो तुकडा लावला. सनईच्या गोंगाटातून, भांड्यांच्या आवाजातून, सगळ्यांना मागं सारत तो आवाज आला:

"अगं ए, वाढा की इकडं! पावणं बसून ऱ्हायल्यात!"

"आले आले, आप्पा!" आक्का आतून म्हणाली.

आणि ती आलीच, एका हातात भाकरी, दुसऱ्या हाताला पीठ. दारात आल्यावर तिच्या लक्षात आलं. ती तिथंच थांबली. आप्पांनी आपलं ताट उचलून पुढं केलं. तिनं भाकरी वाढली, ताटाशेजारच्या वाटीतलं तूप घातलं आणि आत गेली. दाजी स्क्रीनकडं बघत राहिले. तुकडा कधीच संपला होता, स्क्रीनवर बघण्यासारखं काही नव्हतं.