कोऱ्या कोटाला हळदीचं बोट

नातीचा पांढरा कोट हॉलमध्ये पडद्याच्या दांडीला टांगला होता आणि मला त्याच्यापासून लांब, समोरच्या खुर्चीत बसवलं होतं. नात नौदलात अधिकारी आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत तिचा पूर्ण गणवेशातला सरकारी फोटो काढायचा होता. लगेच ती जहाजावर रुजू होणार, म्हणून दुसरा कोट सामानाबरोबर आधीच पुढे गेलेला. जी काही मदार होती ती याच कोटावर. मुलगा सकाळपासून मला बजावत होता, आई, हात लावायचा नाही. इतक्यांदा, की आपण दुधाच्या पातेल्यापाशी आलेलं मांजर आहोत असं मला वाटायला लागलं.

त्याला कारण आहे, आणि ते भिंतीवरच आहे. ह्यांचा फोटो. हेही नौदलातच. बढती मिळाली तेव्हा फोटोसाठी असाच कोरा पांढरा गणवेश आला होता. तेव्हा आम्ही ठाकुर्लीला राहायचो. नवं कापड अंगावर चढण्याआधी त्याला हळदीकुंकवाचं बोट लावायचं, ही आमच्याकडची रीत. आता बोट म्हणजे एक ठिपका, तोही आतल्या शिवणीला. पण तेव्हाची मी म्हणजे काय विचारता. जणू सगळं आरमार आमच्याच खोलीतून सुटणार होतं. कोरडं कुंकू झडून जाईल म्हणून बाईसाहेबांनी ते पाण्यात कालवलं, कॉलरच्या आत चांगला ठसठशीत टिळा रेखला आणि वर फुंकर घालून वाळवला. फोटोवाल्याच्या दिव्यांखाली ह्यांना घाम फुटला आणि गळ्याशी लाल रंग बाहेर आला. मग ह्यांनी हनुवटी खाली दाबून तो झाकला. येणारा-जाणारा अजून म्हणतो, काय करारी चेहरा. करारी कसला, आतल्या आत मला शिव्या घालतायत.

तर दुपारी नात इस्त्रीला बसली. कोट उलटा केला आणि तिचा हात थांबला. बटणांच्या पट्टीच्या आत पिवळं बोट उमटलं होतं.

"आजी."

एवढंच म्हणाली. मी दोन्ही तळहात पुढे केले. स्वच्छ होते. सुनेने आपले दाखवले. मुलगा टीव्हीचा रिमोट धरून बसला होता, आणि त्याच्या अनामिकेचं टोक पिवळंधमक होतं.

"बाबा, तू?"

"कोरडीच होती गं," तो म्हणाला. "आणि आईला लावू दिली नव्हती ना, म्हणून म्हटलं कोणीतरी..."

त्याने ते बोट मुठीत लपवलं. सून साबण आणायला उठली तशी मी ओरडले, साबण नको, हळद लाल होईल. नुसत्या ओल्या फडक्याने टिपायचं आणि उन्हात धरायचं. पण आमच्या घोडबंदर रोडला ऊन सरळ कुठे मिळतं? समोरच्या टॉवरची सावली सारखी सरकते. हॉलच्या गॅलरीत ऊन होतं तोवर नातीने कोट उलटा धरला. तिथलं गेलं तसा बेडरूमच्या खिडकीत नेला. मग वर गच्चीत. बांधकामाची धूळ बसू नये म्हणून मुलगा वाऱ्याच्या बाजूला दोन्ही हातांनी धोतराचं पान ताणून उभा, आणि कबुतरांना हाकलायला मी, हातात झाडू. डाग फिका होत होता, पण नात दर क्षणाला वाकून बघत होती. तिच्या ओठांवरून मला कळत होतं, ती रडू दाबतेय. ऊन उतरलं तेव्हा पिवळ्याची नुसती शंका उरली होती, आणि बाहेरून तर काहीच नाही.

मुलाला दिवसभर सगळ्यांनी धारेवर धरलं. मी चकार शब्द बोलले नाही. कारण टोपीचा डबा, चेपू नये म्हणून, माझ्या खोलीत ठेवला होता. आणि टोपीच्या आतल्या पट्टीखाली मी सकाळीच कुंकवाचं बोट लावून मोकळी झाले होते.

कोरडं लावलं होतं, एवढी अक्कल आता आली आहे. पण घाम तो घामच. पुसायला जावं तर नात माझ्याच खोलीत, डब्यापाशी. सांगावं तर मुलाला आयती सापडेन. दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली तेव्हा मी दारात तिला तीनतीनदा म्हटलं, टोपी गाडीत घालू नकोस, अगदी फोटोच्या वेळीच घाल. ती म्हणाली, आजी, किती गं. ती गेल्यावर मी देवापुढे बसले, उठले, गॅलरीतून गाड्यांची रांग बघितली, परत बसले. एवढ्या उकाड्यात त्या रांगेत एसी तरी चालू असेल ना?

दुपारी फोटो मोबाईलवर आला. मुलगा आणि सून कोटाच्या बटणांवर तुटून पडले. मी फोन ओढून घेतला आणि दोन बोटांनी कपाळ मोठं केलं. लालाचा मागमूस नव्हता.

"आई, काय शोधतेस?" मुलाने विचारलं.

"काही नाही रे," मी म्हटलं, "हनुवटी आजोबांवर गेलीय का बघतेय."

हनुवटी चांगली वर होती.