खदानीतली तूर

दगडाची माती करणारा माझ्यासारखा माणूस अख्ख्या कारंजा तालुक्यात सापडणार नाही. आता काय किती मिसळायचं ते कृषीवाल्या ताई सांगतात, फावडं वामन मारतो आणि मी बाजूला उभा राहून बोलतो, ती गोष्ट वेगळी. बोलणाराही लागतोच ना कोणी! क्रशरखाली चुरी साचते तसे आमच्याकडे किस्से साचलेत. ढीग मोठा आहे, जमेल तेवढा उपसतो.

आधी वामनचं सांगतो. आमची गिट्टीखदान जिथं होती, तिथं त्याआधी वामनची तूर उभी राहायची. शेत खदानीत गेलं आणि वामन माझ्यासोबत खदानीवर लागला. त्याची बायको, आमची इंदूवहिनी, त्या दिवसापासून तिकडं फिरकली नाही. बाजारालासुद्धा लांबच्या रस्त्यानं जायची. आता खदान बंद आहे आणि तिथं दगडाचीच माती करून झाडं लावायची टूम निघाली आहे. वामनचं एकच म्हणणं, "एक ओळ तूर येऊ दे तिथं. मंग तिले आणून दाखवतो."

*

पहिला वाफा आम्ही दोघांनीच केला. क्रशरची चुरी, विटांचा भुगा, शेणखत, कपाशीच्या कुजवलेल्या पऱ्हाट्या, सगळं सांगितल्याप्रमाणे. मग गिट्टी दाबायची जन्माची सवय! पाणी मारलं, धुम्मस घेतली आणि ठोक ठोक ठोकलं. वाफा असा बसला की आमचाच जीव खूश झाला.

ताईंनी बोट घालून पाहिलं. बोट जाईना. काडी घातली, काडी मोडली.

"काका, इथं रोपं लावायची आहेत," त्या म्हणाल्या. "हायवे नाही काढायचा."

वामन हळूच माझ्या कानात म्हणाला, "पन काम पक्कं झालं ना बे?"

*

एकदा विटांच्या भुग्यासाठी गावातल्या जुन्या शाळेचा मलबा आला. मी जिथं पाचवीपर्यंत बसलो ती शाळा. एका तुकड्यावर निळा रंग होता आणि त्यावर सुविचाराचं अर्धं वाक्य. मी तो तुकडा हातात घेऊन उभाच राहिलो. गुरुजी आठवले, खिडकीतली चिंच आठवली. मग विटा क्रशरमध्ये टाकायला लागलो.

वामन म्हणाला, "गुरुजीच्यानं तुह्या डोक्यात गेलं नाई, ते आता मशीनमधी घालून राह्यला काय?"

निळा तुकडा मी खिशात घातला. त्याला नाही सांगितलं.

*

पूर्वी सुरुंग उडायच्या आधी वामन लाल झेंडा घेऊन शिट्टी फुंकायचा आणि आम्ही सगळे टिनाच्या शेडमागं पळायचो. परवा वामन झारीनं पाणी घालत होता. मी मागून जाऊन तशीच शिट्टी मारली. गड्यानं झारी फेकली आणि शेडमागं कानावर हात ठेवून बसला. माझं हसून पोट दुखलं. तरी हा बाहेर येईना.

"निंघ ना बे," मी म्हटलं.

"थांब. आवाज व्हाचा हाय."

तो हसला नाही. मग मीही त्याच्या बाजूला टेकलो. शेडवर होले घुमत होते.

*

पहिली तूर वाळली. ताईंनी खत वाढवलं, आम्ही धुम्मस लपवून ठेवली. दुसरी तूर मात्र कमरेएवढी झाली, शेंगांनी लगडली.

वामन वहिनीला घेऊन आला. ती डोक्यावर पदर घेऊन उतार उतरली. शेंग तोडली, सोलली, दाणे तोंडात टाकले. मग खाली वाकून मूठभर माती घेतली. मातीत विटेचे लाल कण होते. वामनचा चेहरा निकालाच्या दिवशीच्या पोरासारखा झाला होता.

मला गप्प राहवतं का! "काय वहिनी, आता तरी म्हना, भाऊजीनं दगडाचं सोनं केलं."

तिनं हात झटकले. तुरीच्या त्या एका ओळीकडं पाहिलं, मग तिच्यापलीकडच्या खदानीच्या अख्ख्या गड्ड्याकडं.

"खोदाले तुमी दोघायनं सारी जिंदगी घातली, भाऊजी," वहिनी म्हणाली. "आता हे सारं भरून होईस्तोवर एकानंही मराचं नाई."